बिल नसलेली चाकं

मदिनाभाभी शिकलगार पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा आमच्या सासूबाई त्यांना दारातूनच माघारी लावायला निघाल्या होत्या. सासूबाईंना सगळी राजारामपुरी आक्का म्हणते. आक्कांना साखरेचा आजार आणि लॅबमध्ये जाऊन बाकावर बसायचा मोठा कंटाळा, म्हणून मी घरी येऊन रक्त नेणारं माणूस बोलावलं होतं. दार उघडलं तर समोर एक बाई. काखेत कुबडी, डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, खांद्याला निळी पेटी.

"हिला सोताला धड हुबं ऱ्हाता येईना, ही काय माजं रक्त काढणार?" आक्का मला म्हणाल्या, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

भाभींनी कुबडी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढून घेतली आणि बसता बसता म्हणाल्या, "आक्का, रक्त हातानं काढत्यात. पायाचं त्यात काय काम हाय?"

आक्कांना हसू आलं. त्या हसण्यातच भाभींनी दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली, आणि आक्का "आता टोचणार कवा?" असं विचारेपर्यंत बाटली भरून झाकण लागलं होतं. त्या दिवसापासून आक्कांच्या हाताला दुसऱ्या कुणी सुई लावलेली नाही.

भाभी पेठ वडगावच्या. पोलिओनं पाय गेला तो चालायला शिकण्याआधीच. त्यांचे वडील सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्यांना शाळेत नेत. पुढं त्यांनी लॅबचा कोर्स केला आणि कोल्हापुरात एका लॅबमध्ये लागल्या. मालकांनी चांगल्या मनानं सांगितलं, "तू काउंटरला बस, पावत्या फाड." भाभींनी दोन वर्षं पावत्या फाडल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "सर, जन्मभर बसूनच हाय मी. मला घरोघरी पाठवा." मालकांनी विचारलं, जाणार कशी? भाभींनी साठवलेल्या पैशातून एक जुनी स्कूटर घेतली आणि तिला दोन जादा चाकं बसवून घ्यायला उद्यमनगरात गेल्या.

उद्यमनगरात काय बनत नाही? पण पहिल्या कारखान्यात जी चाकं बसवली ती वळणावर उचलली जायची. दुसऱ्यानं बसवली ती घासायची. तिसऱ्या ठिकाणी एक वेल्डर होता, नबीलाल नावाचा. कमी बोलणारा, तिशीचा, लग्न न झालेला. त्यानं गाडीला हातच लावला नाही. म्हणाला, "जरा चालून दावा." भाभींना राग आला. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता, म्हणून कुबडी घेऊन त्या कारखान्यासमोर चार-दोन फेऱ्या चालल्या. मग त्यानं बसून दाखवायला सांगितलं, उतरून दाखवायला सांगितलं, पाय किती वर उचलतो ते टेपनं मापलं. नंतरचे कितीतरी दिवस तो आपलं काम संपल्यावर त्या गाडीशी बसायचा. दोन बाजूंना दोन चाकं, डावा पाय ठेवायला उंचावलेली पट्टी, पाठीला टेकण, कुबडी अडकवायला पाइप आणि रक्ताच्या बाटल्यांची पेटी हिसका न बसता राहावी म्हणून मागं रबराचा कप्पा. यातलं शेवटचं भाभींनी सांगितलेलंसुद्धा नव्हतं.

पैसे विचारले तर म्हणाला, "आधी चालवून बगा. मग बगू."

तो 'मग' कधी आला नाही. आला तो निकाहाचा निरोप, त्याच्या थोरल्या बहिणीच्या हातून. भाभी हे सांगताना अजून खाली बघून हसतात. "वैनी, म्हैन्याला बोलवायचं. म्हणं बोल्ट आवळायचं हाईत. मी म्हटलं, ह्या माणसानं वेल्डिंग केलंय का चिकटवलंय!"

उचगावात त्यांनी घर केलं. मुलगी झाली, सदफ. ती आता मिरजेला नर्सिंग शिकते. पहिली स्कूटर म्हातारी झाली तेव्हा भाभींनी दुसरी घेतली, नवी कोरी. नबीलालभाईंनी जुनीची चाकं, पट्टी, पाइप सगळं काढून नवीला बसवलं. आरटीओत अपंगांची गाडी म्हणून रीतसर नोंद झाली. विमा तर भाभी एक वर्षही चुकवत नसत. त्या म्हणायच्या, लोकांची गाडी मोडली तर लोकं चालत जात्यात, माझी मोडली तर मी घरात.

आणि एक दिवस मोडलीच.

ताराबाई पार्कात उदयसिंह घोरपडे म्हणून एक निवृत्त शेती अधिकारी राहतात. एकटेच. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांच्या फाटकासमोर मोठा पर्जन्यवृक्ष आहे आणि भाभी त्याच्याच सावलीत गाडी लावत. हिवाळ्यातली सकाळ, ना वारा ना पाऊस. भाभी आत आण्णांच्या शिरेत सुई घालून बसलेल्या आणि बाहेर असा काही आवाज झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या. वाळवीनं आतून खाल्लेली फांदी आपल्याच वजनानं खाली आली होती.

आण्णांनी दचकून हात ओढायला घेतला. भाभींनी तो धरून ठेवला. "हलू नगा आण्णा. झालंच." बाटली भरली, सुई काढली, कापूस दाबून धरायला लावला. मगच कुबडी घेऊन दारात गेल्या. गाडीचं तोंड जमिनीत घुसलं होतं, सीट मधोमध वाकली होती. मागची दोन चाकं तेवढी हवेत उचललेली, त्यातलं एक अजून हळू फिरत होतं.

आण्णा सांगतात की त्या रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "रिक्षा बगा की एखादी. रक्त लॅबला पोचायला पायजे."

पुढचं मी पाहिलेलं आहे, कारण कागद इंग्रजीत यायला लागले आणि ते वाचायला भाभी माझ्याकडे येऊ लागल्या. विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये जाऊन फोटो काढून गेला. भाभींना त्यानं पाहिलंच नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जातो, म्हणून गाडी पूर्ण नुकसानीत धरली. इथपर्यंत बरोबर होतं. पॉलिसीवर गाडीची किंमत बत्तीस हजार लिहिलेली होती, तेवढे मिळतील असं आम्हाला वाटलं. कंपनीनं देऊ केले एकोणीस.

त्या दिवशी दोघंही आमच्या बाहेरच्या सोप्यात बसले होते. नबीलालभाई कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेला, हातात चहाचा कप तसाच. मी सर्व्हेअरचा अहवाल वाचत गेले आणि एका ओळीला थांबले.

"काय लिवलंय, वैनी?" भाभींनी विचारलं.

मला ते सौम्य करून सांगता आलं असतं. पण भाभींना अर्धवट सांगितलेलं चालत नाही. मी सांगितलं. गाडीत जो बदल केलाय, त्याचं बिल नाही, म्हणून त्याची किंमत शून्य. वर आणखी, या बदलामुळं गाडी साध्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची राहिली नव्हती, बाजारात तिला कुणी घेतलं नसतं, म्हणून मूळ किमतीतूनही वजावट.

मग नबीलालभाईंनी कप खाली ठेवला.

"म्हंजी माज्या चाकांमुळं गाडीची किंमत कमी झाली व्हय?"

"तसं नाही हो भाई, ते आपलं त्यांचं..."

"न्हाय, तसंच लिवलंय की." ते भाभींकडं वळले. "जे देत्यात ते घिऊन टाक. माजीच चूक हाय. तवाच एखाद्याकडनं बिल करून ठिवाय पायजे हुतं."

आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

भाभींनी दाराकडं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "वैनी, तक्रार लिवा. पैशासाठी न्हाय. पैसं लागत्यात, न्हाय कशाला म्हणू. पर ह्येंच्या डोक्यात जे शिरलंय ते निघालं पायजे. ज्या माणसाच्या चाकांवर मी बावीस वर्सं हिंडले, त्यो म्हणतोय माजी चूक हाय!"

कंपनीचं ऑफिस स्टेशन रोडला, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. मी म्हटलं, मी एकटी वर जाऊन येते. भाभी म्हणाल्या, "गाडी माजी, मी खाली आणि तुमी वर, असं कसं?" त्यांनी झेरॉक्सच्या दुकानाच्या कट्ट्यावर बैठक मारली आणि ऑफिसला फोन लावला. "मॅडम, मी मदिना शिकलगार. माज्या गाडीचा क्लेम तुमच्याकडं हाय. मला जिना चढता येत न्हाय. तुमी खाली येता का?"

बऱ्याच वेळानं एक मुलगी उतरून आली. गळ्यात ओळखपत्र, कपाळावर आठ्या. नाव स्वप्नाली. मूळची चंदगडकडची. पहिल्या दिवशी ती उभी राहूनच बोलली. बिल आणा, म्हणाली. बिल नाही म्हटल्यावर म्हणाली, मग नियमात बसत नाही.

"करणाऱ्यानं बिल दिलंच न्हाय," भाभी म्हणाल्या.

"मग आता घ्या त्यांच्याकडून."

"आता त्यो माजा नवरा हाय."

स्वप्नालीनं पहिल्यांदा भाभींकडं नीट पाहिलं. पण बोलली तेच, नियमात बसत नाही.

दुसऱ्या खेपेला ती लवकर उतरली. तिसऱ्या खेपेला तर झेरॉक्सवाल्याकडून स्टूल मागून घेऊन भाभींसमोर बसली. आमची तक्रार मुंबईच्या ऑफिसनं फेटाळली होती, ते पत्र तिच्या हातात होतं. ते तिनं दिलं, इकडंतिकडं पाहिलं आणि एकदम आपल्या बोलीत म्हणाली, "भाभी, पॉलिसी करताना गाडीची किंमत ठरवतात ती दोघांच्या मान्यतेनं. गाडी पूर्ण गेली तर तेवढीच द्यायला पायजे असं माझं मत. पण माझ्या मताला वर कोण विचारतंय? पुण्याला विमा लोकपालांकडं अर्ज करा. फी लागत न्हाई, वकील लागत न्हाई. हे मी सांगितलं म्हणू नका."

"कशाला म्हणू?" भाभी म्हणाल्या. "मी तर तुला वळखत पन न्हाय."

दोघी हसल्या. असं हसताना स्वप्नाली एकदम लहान दिसली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा रोजचं काम थांबलेलं नव्हतं. उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेली म्हातारी माणसं वाट बघत असायची. रिक्षानं फिरावं तर मिळकत रिक्षातच जायची. म्हणून नबीलालभाईंनी कारखान्यात सांगून सकाळची वेळ सोडवून घेतली आणि आपल्या जुन्या मोपेडवर भाभींना मागं बसवून घरोघरी न्यायला लागले. भाभींचा तो लोखंडी बुटातला पाय बाजूला सरळ काढावा लागे, त्यामुळं मोपेड अर्धा रस्ता अडवून चालायची. मागून हॉर्न वाजायचे. भाई आपले बैलगाडीच्या चालीनं पुढं.

आधी ते बाहेरच थांबायचे. आमच्या पायरीवर बसून मोपेडचं काहीतरी पुसत असत. आक्कांना ते बघवेना. "आत बोलव की गं त्या पावण्याला. भाईर काय कुलपं राखतोय?" मग ते आत आले आणि दाराशी बसले. भाभी काम करत होत्या आणि ते बघत होते.

एकदा भाभी आत हात धुवायला गेल्या होत्या तेव्हा ते मला म्हणाले, "वैनी, एक सांगू? बावीस वर्सं ही सकाळी जाती, दुपारी येती. मला वाटायचं, सुई टोचायची आन यायचं, त्यात काय एवडं. काल शाहूपुरीत एक म्हातारी हुती. डोळ्यानं दिसत न्हाय तिला. रक्त काडून झालं तरी हिचा हात सोडंना. ही तशीच बसली, पुडच्या घरचा फोन वाजतोय तरी बसली. म्हातारी आपल्या मेल्याल्या लेकाचं सांगत हुती. घरात ही मला कंदी बोलली न्हाय असलं काय." त्यांनी भाभींच्या पेटीचं झाकण लावलं. "मला म्हाईतच न्हवतं, ही कुठं जाती ते."

भाभी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "चला, आण्णांच्याकडं उशीर हुतोय." भाईंनी उठून त्यांची पेटी आपल्या खांद्याला लावली.

आण्णांनी तर भाईंसाठी प्रत्येक खेपेला एक कप चहा जास्त टाकायला सुरुवात केली. गाडी माझ्या दारात मोडली, याचं आण्णांना फार वाटायचं. झाड महापालिकेचं, फांदी वाळवीनं खाल्लेली, यांचा त्यात काय दोष? पण लोकपालांकडचा अर्ज त्यांनी स्वतः बसून माझ्याकडून तीनदा बदलून घेतला. त्यांना त्यात झाडाची जातसुद्धा घालायची होती. ती भाभींनी काढायला लावली.

पुण्याहून सुनावणीची तारीख आली. ती व्हिडिओवर होणार होती, म्हणून आमच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. भाभी मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. भाई इस्त्रीचा शर्ट घालून आले, पण टेबलाशी बसेनात. शेवटी भाभींनी हात धरून शेजारी बसवलं, तर असे कडेला सरकले की पडद्यावर त्यांचा एक कान तेवढा दिसत होता. आक्का मागं पलंगावर. त्यांना मी बजावलं होतं, काही बोलायचं नाही.

पडद्यावर एका चौकटीत लोकपाल, वयस्क गृहस्थ, चष्मा नाकावर. दुसऱ्या चौकटीत मुंबईहून कंपनीचे प्रतिनिधी. ते अदबीनं, सराईतपणे बोलले. बाजारात अशा गाडीला मागणी नसते, त्यामुळं ही वजावट.

लोकपालांनी भाभींना विचारलं, "यावर तुमचं म्हणणं काय?"

घरी आम्ही काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. भाभींनी त्यातलं काहीच वापरलं नाही.

"साहेब, ती गाडी बाजारात विकायची न्हवतीच मला. मला हिंडायचं हुतं. ज्याला दोन पाय हाईत त्यो माजी गाडी घेणार न्हाय, ह्ये खरं हाय. पर मग मीबी त्याची गाडी घेणार न्हाय की. त्याच्या गाडीतनं तुमी त्यासाठी पैसं वजा करता का?"

लोकपालांनी काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "ही चाकं कुणी तयार केली?"

"ह्यांनी." भाभींनी भाईंना दंडाला धरून चौकटीत ओढलं. कानाच्या जागी अख्खा घाबरलेला चेहरा आला.

"तुम्ही केलीत? तेव्हा अंदाजे किती खर्च आला होता? मजुरीसकट सांगा."

मी मनात म्हटलं, भाई, आता नीट सांगा. आकडा आम्ही काढून दिलेला होता, खिशात चिठ्ठीही होती.

भाई म्हणाले, "काय न्हाय साहेब. घरच्यासाठी केल्यालं. आपल्याच बायकोकडनं मजुरी कशी घ्याची?"

मी कपाळाला हात लावला. आणि भाभी एकदम त्यांच्याकडं वळल्या. समोर लोकपाल आहेत, मुंबईचे साहेब आहेत, याचं त्यांना भानच राहिलं नाही.

"अवो, तवा कुठं निकाह झालता आपला? मी तुमाला वळखत बी न्हवते!"

भाई लाजले. बावन्न वर्षांचा माणूस, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. खाली बघून म्हणाले, "तुजं न्हवतं ठरल्यालं. माजं ठरलं हुतं."

मागून आक्का "आगं बया!" म्हणाल्याच. पडद्यावर लोकपालांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुंबईचे साहेबसुद्धा हसत होते. फक्त भाभी हसत नव्हत्या. त्या भाईंकडं नुसत्या बघत होत्या, जणू त्यांना कुणी फार जुनी गोष्ट आज पहिल्यांदा सांगितली होती.

निकाल यायला काही आठवडे गेले. तो मी त्याच टेबलावर वाचला. वजावट नामंजूर, पॉलिसीवरची पूर्ण किंमत द्यावी. चाकांचं मात्र वेगळं काही मिळालं नाही. बिल नाही, पॉलिसीत स्वतंत्र उल्लेख नाही, आणि करणाऱ्यानं स्वतःच मजुरी घेतली नसल्याचं सांगितलं. तिथं शून्यच राहिलं.

"ते न्हाई मिळालं," मी भाईंना म्हटलं. "पण इथं लिहिलंय ते ऐका. अपंग माणसाला गाडी चालवता यावी म्हणून केलेला आणि सरकारी नोंद असलेला बदल ही गाडीतली खोट मानता येणार नाही."

"खोट न्हाय, असं लिवलंय?"

"हो. तसंच लिहिलंय."

भाईंनी मान हलवली. त्या दिवशी चहा त्यांनी गरम असतानाच प्यायला, आणि दुसरा मागून घेतला.

पैसे जमा व्हायच्या आधी मोडलेली गाडी कंपनीच्या ताब्यात द्यायची होती. भंगारवाला टेम्पो घेऊन येणार, किल्ली आणि कागद तयार ठेवा, असा स्वप्नालीचा फोन आला. भाभींनी फोन ठेवलाच नाही.

"स्वप्नाली, एक विचारू? ती चाकं, पाय ठेवायची पट्टी, पाइप, ह्ये काडून घिऊ का मी? का त्येबी द्यावं लागतंय?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग स्वप्नाली म्हणाली, "भाभी, आमच्या कागदावर त्या चाकांची किंमत शून्य हाय. न्हाय का? मग शून्यातनं काय कमी झालं तर कंपनीचं काय जातंय? एक अर्ज लिहून द्या, मी साहेबांची सही घेते." आणि सही घेऊन तो कागद तिनंच गॅरेजवर आणून दिला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसत येताना पाहिलं.

गॅरेजमध्ये भाई पाना घेऊन गाडीशी बसले. भंगारवाल्याचा माणूस घाईत होता, पण हे काय चाललंय ते समजल्यावर तोही गुडघ्यावर बसून दुसऱ्या बाजूनं पकड लावायला लागला. उजवं चाक शाबूत होतं. डाव्याचा दांडा वाकलेला. पाठीचं टेकण पार गेलेलं. रबराचा कप्पा जसाच्या तसा. भाई एकेक वस्तू काढून भाभींच्या मांडीवर देत होते आणि भाभी गॅरेजच्या खुर्चीवर बसून पदरानं ग्रीस पुसत होत्या. साडी खराब होईल म्हणून मी फडकं शोधायला गेले. परत आले तर त्या तशाच पुसत होत्या.

टेम्पो गेला. उरलेलं सगळं भाईंनी मोपेडवर बांधून उद्यमनगरात नेलं. वाकलेला दांडा तापवून सरळ केला. भाभींनी पेठ वडगावच्या एका शिक्षिकेची फारशी न वापरलेली स्कूटर घेतली. विम्याचे पैसे आणि वर थोडी भर. आता बाजारात तयार चाकंही मिळतात, चकचकीत, बिलासकट. सदफनं मिरजेहून फोन करून सांगून पाहिलं, "अम्मी, नवी घे की." भाभी म्हणाल्या, "तुझ्या अब्बाला सांग." सदफनं नाही सांगितलं.

नवं टेकण मात्र भाईंना करावं लागलं. ते करताना त्यांनी पुन्हा टेप काढला. भाभी म्हणाल्या, मापं म्हाईत हाईत की तुमाला. भाई म्हणाले, "तवाची म्हाईत हाईत. आता कंबर दुखती म्हणतीस न्हवं?" आणि टेकण दोन बोटं खाली घेतलं.

भाभी आता पूर्वीसारख्या एकट्या हिंडतात. पण उद्यमनगरची सुट्टी सोमवारी असते, आणि दर सोमवारी त्यांच्या मागून ती जुनी मोपेड येते. आक्का सोमवारीच रक्त द्यायचं म्हणतात. डॉक्टरांनी कुठला का वार सांगितलेला असेना. भाई आता पायरीवर बसत नाहीत. सरळ आत येतात, हात धुतात. भाभी बाटलीवर नाव लिहीपर्यंत आक्कांच्या दंडावर कापूस दाबून धरायचं काम त्यांच्याकडं असतं. गेल्या सोमवारी ते इतक्या मन लावून दाबत होते की आक्का ओरडल्या, "आरं मिस्त्री, हात हाय तो माजा. सांधा जोडतुयास व्हय?"

भाईंनी घाबरून हात काढला. भाभी लिहिता लिहिता हसल्या, आणि मान वर न करताच म्हणाल्या, "असं न्हाय. हळू. माज्याकडं बगा."